आयर्नचा फटका उजवीकडे जातो, सेट बदलू का?

खेळ-शंका: गोल्फविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सप्रेम नमस्कार. वय 54, उंची 5 फूट 5 इंच, राहायला बडोद्यात मांजलपूरला. नोकरी लागेपर्यंत मोतीबागेवर क्रिकेट खेळलो, उजव्या हाताचा ओपनर होतो. गेल्या दिवाळीनंतर गोल्फ सुरू केलं. मेहुणे न्यू जर्सीला असतात, त्यांनी त्यांचा जुना पिंगचा आयर्न (लोखंडी डोक्याच्या क्लबचा) सेट मला दिला. प्रत्येक क्लबवर निळा ठिपका आहे. माझा सेव्हन आयर्नचा चेंडू निघतानाच उजवीकडे निघतो आणि पुढे आणखी उजवीकडे वळतो. फाइव्ह आयर्नचा तर थेट झाडीत. पिचिंग वेजचा त्या मानाने सरळ. मधूनच एखादा फटका डावीकडे निघतो आणि न वळता तसाच डावीकडे जातो. बरोबर खेळणारे ज्येष्ठ म्हणतात, "दुसऱ्याच्या मापाचे क्लब, मग असंच होणार." कोच म्हणतात, सेट राहू द्या, स्विंग सुधारा. मुलगा म्हणतो, "बाबा, लाखभराचा नवा सेट घेऊन टाका ना." कुणाचं ऐकू?

उत्तर: मुलाला सांगा, सध्या थांब. त्याची माया खरी आहे, पण तुमच्या पत्रात जेवढी माहिती आहे तेवढ्यावरूनच सांगता येतं की तुमचा चेंडू उजवीकडे पाठवणारा तो सेट नाही.

आधी त्या निळ्या ठिपक्याचं सांगतो, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. पिंग कंपनी काढणारे कार्स्टन सोल्हाइम हे मूळचे नॉर्वेचे, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. गोल्फ त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर हातात घेतलं आणि इंजिनिअरच्या नजरेने क्लब तपासायला लागले. लोखंडाचं वजन फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या, मधून काढून कडांना नेलं तर मधोमध न बसलेला फटकाही फार वाया जात नाही, ही आज जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या सेटमध्ये दिसणारी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा हात. मला स्वतःला त्यांची ठिपक्यांची पद्धत जास्त मोलाची वाटते. क्लब जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, जमिनीशी जो कोन करते त्याला लाय म्हणतात. सेव्हन आयर्नला तो साधारण 62 अंशांच्या आसपास असतो. माणसामाणसाची उंची आणि हातांची लांबी वेगळी, म्हणून लायही वेगळा हवा. काळा ठिपका म्हणजे नेहमीचा लाय, लाल म्हणजे थोडा आडवा, निळा म्हणजे थोडा उभा.

आता बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हातात गरजेपेक्षा उभा क्लब दिला, तर चेंडूला लागताना क्लबचं टोक (डोक्याची शाफ्टपासून लांबची बाजू) वर उचललेलं राहतं आणि फेस डावीकडे बघायला लागतो. म्हणजे तुमचा सेट तुमच्यासाठी चुकीचा असलाच, तर तो चेंडू डावीकडे ढकलेल. तुमचा जातोय उजवीकडे. मेहुण्यांचे क्लब तुमची चूक वाढवत नाहीत, उलट थोडी झाकताहेत. उद्या काळ्या ठिपक्याचा नवा सेट आणलात, तर चेंडू आणखी थोडा उजवीकडे जायची शक्यता जास्त.

आकडेमोड करून दाखवतो, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. मी कलाभवनात शिकलो, नंतर टूलरूममध्ये नोकरी केली, आणि आता दांडिया बाजारातल्या घराच्या मागच्या पडवीत लोकांच्या क्लबना ग्रिप बसवतो, लाय आणि लॉफ्ट (फेस किती मागे कललेला आहे तो कोन) मोजून देतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय तिथलीच. लाय 2 अंशांनी चुकला, आणि सेव्हन आयर्नचा लॉफ्ट 33 अंश धरला, तर फेस सुमारे 1.3 अंशांनी वळतो. 140 यार्डांवर त्याचा फरक जेमतेम 3 यार्ड. ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) मधोमध जायचा तो चेंडू जरा कडेला पडेल, पण ग्रीनवरच असेल. तुमचा झाडीत जातो. एवढा फरक फक्त लायमुळे पडायचा तर क्लब इतका वाकडा हवा की तो हातात घेताक्षणीच तुम्हाला कळलं असतं.

दुसरा पुरावा तुम्ही न विचारता देऊन टाकलाय: फाइव्ह आयर्न सगळ्यात वाईट, वेज बरा. लायची चूक याच्या उलट वागते. जितका लॉफ्ट जास्त (आकडा वाढतो तसा तो वाढतो, वेजचा सगळ्यात जास्त) तितकी ती फेसला जास्त वळवते, म्हणून लाय चुकलेल्या सेटमध्ये वेज आणि नाइन आयर्न सगळ्यात जास्त भरकटतात आणि लांब आयर्न त्या मानाने सरळ जातात. स्विंगमध्ये फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघत, राहत असेल तर कमी लॉफ्टच्या क्लबने चेंडू जास्त वळतो. माझ्याकडे कुणी पिशवी घेऊन आलं की पहिला प्रश्न मी हाच विचारतो: वेज जास्त चुकतो की फाइव्ह? पुष्कळदा तेवढ्यावर पिशवी न उघडता परत पाठवता येते.

तिसरा पुरावा, अधूनमधून डावीकडे जाणारा तो फटका. चेंडू आणि फेस एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात सगळं ठरतं. आयर्नच्या फटक्यात चेंडू कोणत्या दिशेने निघणार यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा फेस त्या क्षणी कुठे बघतोय याचा असतो आणि उरलेला क्लब कोणत्या वाटेने आला याचा. (जुन्या पुस्तकांत हे नेमकं उलटं लिहिलेलं सापडेल. रडारवर मोजायला लागल्यापासून ते सुधारलं गेलं.) पुढे चेंडू वळतो तो फेस आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. तुमचा क्लब बहुतेक दरवेळी बाहेरून आत येतोय, म्हणजे लक्ष्याच्या रेषेपलीकडून तुमच्या अंगाकडे. फेस उघडा राहिला की चेंडू उजवीकडे निघून उजवीकडे वळतो. एखाद्या वेळी मनगटं जास्त फिरली आणि फेस त्या वाटेच्या काटकोनात आला, की तोच स्विंग चेंडूला डावीकडे सरळ पाठवतो. दोन्ही फटक्यांचं मूळ एकच. वाकडा क्लब असं एकदा इकडे, एकदा तिकडे करत नाही. तो रोज एकाच बाजूला, जवळपास तेवढाच चुकतो.

मग फेस उघडा का राहतो? तुम्ही ओपनर होतात हे वाचलं आणि कारण समोर आलं. बडोद्यात गोल्फला येणारे निम्मेअधिक क्रिकेटमधून आलेले दिसतात, आणि त्यात नवल काही नाही. 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध 577 धावांची भागीदारी केली ते हे गाव. राजवाड्याच्या आवारातला गोल्फ कोर्स प्रतापसिंहराव महाराजांनी आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी केला, आणि 1990 च्या दशकात त्याला पुन्हा उभं करणारे समरजितसिंह गायकवाड स्वतः रणजी खेळलेले. क्रिकेटरचे हात गोल्फला चांगलेच असतात. डोळा बसलेला असतो, तोल असतो. एकच सवय आड येते. सरळ ड्राइव्ह मारताना आपण वरच्या हाताने बॅटचा चेहरा शेवटपर्यंत गोलंदाजाकडे धरून ठेवतो, कोपर वर ठेवतो, मनगट वळू देत नाही. बॅटमध्ये ते चालतं, कारण बॅटचं सगळं लाकूड दांड्याच्या सरळ रेषेत असतं. गोल्फच्या क्लबचं डोकं शाफ्टच्या एका बाजूला लटकलेलं असतं. मागे नेताना ते उघडतं, आणि खाली येताना मागे रेंगाळतं. हातांनी त्याला परत वळू दिलं नाही तर ते उघडंच येऊन चेंडूला लागणार. तुम्ही धरून ठेवताय, आणि इतकी वर्षं धरून ठेवायलाच शिकलात.

तेव्हा डावा हात आधी बघा. क्लब धरून खाली मान घालून पाहिलं की डाव्या हाताच्या दोन बोटांची मुळं, म्हणजे मुठीवरची दोन हाडं, स्पष्ट दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात क्रिकेटचा आहे. मग पूर्ण स्विंग काही दिवस बंद. कमरेपासून कमरेपर्यंत, एवढाच. मागे कमरेला आल्यावर क्लबचं टोक आकाशाकडे, चेंडू गेल्यावर पुढे कमरेला आल्यावरही टोक आकाशाकडे. पुढच्या बाजूला टोकाऐवजी फेसच आकाशाकडे बघत असेल, तर मनगटं अजून धरलेलीच आहेत. हा छोटा स्विंग बघायला फार साधा वाटतो आणि माणसं दोन दिवसांत कंटाळून सोडतात. तुम्ही सोडू नका. बाहेरून आत येणारी वाट कोचच्या नजरेखाली सुधारायची गोष्ट आहे, ती पत्रातून सुधारत नाही. तुमचे कोच बरोबर सांगताहेत, त्यांना धरून राहा.

घरी आणि रेंजवर (सरावाच्या मैदानात) तीन गोष्टी तुम्हाला स्वतःला तपासता येतील. पैसे लागत नाहीत.

पहिली चुन्याची. क्रीज आखतात तो चुना. रेंजवरच्या माणसाची परवानगी घेऊन गवतावर एक हातभर रेघ मारा, लक्ष्याच्या रेषेला काटकोनात. चेंडू न ठेवता रेघ दोन पायांच्या मधे घेऊन स्विंग करा आणि माती कुठे उडते ते बघा. आयर्नचं डोकं खाली येता येता चेंडूला लागलं पाहिजे, मग जमिनीला. व्यावसायिक खेळाडूंचा सेव्हन आयर्न साधारण 4 अंशांनी खाली येताना चेंडूला भेटतो. म्हणजे माती रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उडायला हवी. मागे उडाली तर दिशेचा विचार नंतर करा, आधी ते. ही तपासणी मॅटवर करू नका. मॅटवर क्लब मागे टेकला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा लागल्यासारखं वाटतं, मग कोर्सवर गेल्यावर माणूस गोंधळतो की रेंजवर चाललं होतं ते इथे का चालत नाही.

दुसरी पावडरची. फेसवर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा, फटका मारा, चेंडूचा ठसा कुठे उमटला बघा. टाचेकडे, शाफ्टजवळ उमटत असेल तर शँक (चेंडू फेसऐवजी शाफ्टच्या मुळाला लागून भलतीकडे जाणं) दूर नाही. टोकाकडे उमटत असेल तर फेस त्या धक्क्याने आणखी उघडतो, आणि तुमच्या उजवीकडे जाण्यात त्याचाही हात असू शकतो. ठसे पाहताना मेहुण्यांच्या सेटच्या फेसवर झिजेचा काळपट डागही दिसेल. तो त्यांचा आहे, त्यावरून तुमच्याबद्दल काही ठरत नाही.

तिसरी लायची, आणि ती मुद्दाम शेवटी. चेंडूवर पुसता येणाऱ्या मार्करने जाड रेघ काढा, चेंडू असा ठेवा की रेघ उभी आणि फेसच्या बाजूला येईल. फटक्यानंतर ती रेघ फेसवर छापली जाते. ती खाचांना काटकोनात असली तर लाय बरोबर. कललेली असली तर लाय बघायला हवा. पण आज बघून उपयोग नाही, कारण हात वर उचलून आलेल्या किंवा खाली दबलेल्या स्विंगने तीच रेघ वेगळी कलते. दोनेक महिन्यांनी, मनगटं मोकळी झाल्यावर करा. तेव्हा सगळे फटके थोडे डावीकडे जायला लागले आणि त्यातही वेज जास्त, तर तो निळा ठिपका बोलायला लागला असं समजा आणि क्लब माझ्यासारख्या कुणाकडे मोजायला न्या. एक हात जोडून सांगणं: ओळखीच्या वर्कशॉपमध्ये व्हाइसला धरून वाकवू नका. साच्यात ओतलेलं स्टेनलेस स्टील एखाद-दुसरा अंश सहन करतं, पुढे मानेपाशी तडकतं.

ग्रिप मात्र आजच बघा. अंगठ्याच्या जागी रबर गुळगुळीत, चकचकीत झालं असेल तर बदला. बडोद्याच्या जून-जुलैच्या घामात अशी ग्रिप हातात फिरते, माणूस ती गच्च आवळतो, आणि आवळलेलं मनगट वळत नाही. नुसती मळकी असेल तर कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. स्टीलच्या शाफ्ट आतून गंजल्या नसतील तर त्यांना वयाची भीती नाही. मेहुण्यांनी चांगली वस्तू दिली आहे.

प्रश्न: मुलगी 12 वर्षांची, उंची 4 फूट 8 इंच. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली ते घरात सगळ्यांनी पाहिलं, तेव्हापासून हिचा गोल्फचा ध्यास. तिच्या बाबांनी आपला जुना स्टीलचा सेट कापून तिच्या उंचीचा करून दिला. चेंडू बुटका जातो, उजवीकडे जातो, आणि ती रडते की मला जमत नाही. आजकाल डावं कोपर दुखतं म्हणते. सराव वाढवावा का? (एक आई, रावपुरा)

उत्तर: नाही. सराव आजपासून थांबवा आणि कोपर डॉक्टरांना दाखवा. मुलीचं काही चुकत नाही. वरच्या उत्तरात मी सेटची बाजू घेतली, इथे सगळा दोष सेटचा आहे आणि तो मुलीच्या अंगावर निघतोय, म्हणून ठासून सांगतो.

मोठ्या माणसाची स्टीलची शाफ्ट एकटीच बहुधा 100 ग्रॅमच्या पुढे असते. वरून दोन-तीन इंच कापल्याने तिचं वजन फारसं घटत नाही, पण ती आणखी ताठ होते. डोकं तेवढंच जड राहतं. त्यावर जाड ग्रिप, जिच्याभोवती 12 वर्षांच्या मुलीची बोटं पुरती मिटत नाहीत. असा क्लब तिला वळवताच येणार नाही. फेस उघडा राहतो, चेंडू उजवीकडे जातो, उंची मिळत नाही, आणि जोर लावायला गेली की कोपरावर येतं. तिच्या बाबांना म्हणावं, मन लावून केलंत, पण शाफ्ट कापून मुलांचा क्लब होत नाही.

मुलांसाठी ग्रॅफाइटच्या शाफ्टचे क्लब मिळतात. शाफ्ट मोठ्यांच्या स्टीलच्या निम्म्या वजनाची, डोकं हलकं, ग्रिप बारीक. पूर्ण सेट मुळीच घेऊ नका, ती दोन वर्षांत त्यातून बाहेर येईल. नियमांप्रमाणे पिशवीत 14 पर्यंत क्लब चालतात, पण तेवढे असलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. एक सेव्हन आयर्न, एक वेज, एक पटर. एवढ्यावर तिचं वर्ष छान जाईल. घेताना तिला बरोबर न्या. ती चेंडूपाशी उभी राहिल्यावर क्लबचा तळ जमिनीला बऱ्यापैकी सपाट टेकला पाहिजे. टोक हवेत राहत असेल तर तो तिच्या मापाचा नाही. आणि कोपर बरं झाल्यावर पहिल्याच दिवशी तिला सांगा की आधीचे फटके चुकत होते ते क्लबमुळे. बारा वर्षांच्या मुलीला हे कुणीतरी मोठ्या माणसाने सांगावं लागतं, नाहीतर ती स्वतःलाच कमी समजून हा खेळ सोडून देईल.

प्रश्न: पावसाळ्यात माझा एट आयर्न अचानक 10-15 यार्ड लांब जातो आणि ग्रीन ओलांडतो. सरळ जातो, पण थांबत नाही. लॉफ्ट बिघडला का? (एक वाचक, वाघोडिया रोड)

उत्तर: लॉफ्ट पावसाळ्यात बिघडून दिवाळीला सुधारत नाही. गवत वाढलंय आणि ओलं आहे. फेस आणि चेंडू यांच्यामधे ओलं पातं आलं की खाचांना चेंडूची पकड मिळत नाही, फिरकी कमी होते, चेंडू पुढे जातो आणि पडल्यावर घरंगळतो. बॉल पातीत अर्धा बसलेला दिसला की हे होणार असं धरून चाला. एक क्लब कमी घ्या, म्हणजे एटऐवजी नाइन, आणि ग्रीनच्या अलीकडे टाकायचा प्रयत्न करा, मागच्या बंकरच्या नादी लागू नका. प्रत्येक फटक्याआधी टॉवेलने फेस पुसा, खाचांत चिकटलेला चिखल लाकडी टीच्या टोकाने काढा. फेअरवेवरच्या कापलेल्या, कोरड्या गवतावरून मारलेला एटही लांबच जात असेल, तर मात्र क्लब मोजायला घेऊन या.